‘होय, पण’ म्हणणाऱ्यांचा पक्ष

अमेरिकेच्या सत्तारूढ राष्ट्राध्यक्षाने आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत एखाद्या उमेदवाराची उघड बाजू घ्यावी की घेऊ नये, हा तिकडचा जुना वाद आहे. प्रायमरी म्हणजे पक्षाची उमेदवारी कोणाला द्यायची हे पक्षश्रेष्ठींनी बंद खोलीत न ठरवता पक्षाच्या मतदारांनी मतपेटीतून ठरवणे. आपल्याकडे ही पद्धत नाही. आपल्याकडे ‘तिकीट’ वाटले जाते. त्यामुळे राज्यशास्त्राच्या पुस्तकांतून हा वाद आपल्यापर्यंत येतो तो शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून. एक बाजू सांगते, अध्यक्ष सर्व राष्ट्राचा असतो, त्याने घरातल्या भांडणात पडू नये. दुसरी बाजू सांगते, तो पक्षाचाही पुढारी असतो. पक्षाचा कार्यक्रम मोडणाऱ्याला पुन्हा निवडू नका, असे सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे. दोन्ही बाजू विद्वत्तापूर्ण आहेत. आणि दोन्ही बाजूंनी मतदार कोण, हा प्रश्न मुळात विचारलेलाच नाही. जणू मतदार आभाळातून पडतो!

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, हे पाहायचे असेल तर १९३८ सालाकडे गेले पाहिजे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या वर्षी स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या सनातनी सिनेटरांना प्रायमरीत पाडण्याचा उघड प्रयत्न केला. विरोधकांनी त्याला ‘पर्ज’, म्हणजे साफसफाई, असे नाव दिले आणि इतिहासात तेच राहिले. या मोहिमेची दोन भाषणे उपलब्ध आहेत: २४ जून १९३८ चे रेडिओवरील भाषण आणि ११ ऑगस्टचे जॉर्जिया राज्यातील बार्न्सव्हिल गावचे भाषण. आपण कथा-कविता ज्या बारकाईने वाचतो त्याच बारकाईने राज्यकर्त्यांची भाषणेही वाचली पाहिजेत, असे माझे मत आहे. शोषितांच्या वाट्याला काय आले हे पुष्कळदा त्यांतल्या रिकाम्या जागांवरून कळते.

जूनच्या भाषणात रूझवेल्ट स्वतःचे दोन तुकडे करतात. अध्यक्ष म्हणून मी प्रायमरीत भाग घेत नाही, असे ते आधी सांगतात. मग सांगतात की पक्षाचा प्रमुख म्हणून मात्र, १९३६ च्या जाहीरनाम्यातील उदारमतवादी तत्त्वे अमलात आणण्याची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळे, जेथे तत्त्वाचा स्पष्ट प्रश्न असेल तेथे बोलण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. ही दोन टोप्यांची युक्ती आपल्या वाचकांना नवी नाही. ‘व्यक्तिशः मी काही मानत नाही हो, पण गावाचा एक घटक म्हणून...’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले आहे! टोपी बदलली तरी डोके एकच असते. रेडिओचा ध्वनिक्षेपक अध्यक्षाला मिळाला होता, पक्षप्रमुखाला नव्हे. सरकारी रोजगार योजनेचा पैसाही अध्यक्षाच्याच हाती होता. केंटकी राज्यात त्याच उन्हाळ्यात अध्यक्षांचे आवडते सिनेटर अल्बेन बार्कली यांच्यासाठी या योजनेवरील कामगारांना राबवले गेल्याचा बोभाटा झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, सरकारी नोकरांच्या राजकीय वापराला आळा घालणारा हॅच कायदा करावा लागला. (बार्कलींचे प्रतिस्पर्धी गव्हर्नर चँडलर हेही कमी नव्हते. अध्यक्ष केंटकीत आले तेव्हा त्यांनी अध्यक्षांच्या मोटारीत उडी मारून दोघांच्या मधली जागा पटकावली. फलकावर साहेबांच्या शेजारी आपले छायाचित्र यावे म्हणून आपल्याकडे चाललेली धडपड पाहिली की चँडलर आठवतात.)

म्हणून ‘तटस्थ अध्यक्ष’ ही गोष्टच मला खोटी वाटते. ज्याच्या हाती नेमणुका आणि निधी आहेत तो गप्प बसला तरी त्याचे वजन कोठे पडले आहे हे सर्वांना कळते. मग ते उघड पडलेले काय वाईट? अध्यक्षाने बोलू नये, या मताशी मी सहमत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच जूनच्या भाषणात रूझवेल्ट यांनी एका प्रकारच्या उमेदवाराचे वर्णन केले आहे. हा उमेदवार पुरोगामी उद्दिष्टाला ‘होय’ म्हणतो. पण ते साध्य करण्यासाठी कोणतीही ठोस योजना पुढे आली की विरोधाचे काही ना काही कारण शोधून काढतो. अशांना त्यांनी ‘होय, पण’वाले म्हटले. हा शब्दप्रयोग वाचताच मी खूश झालो, हे सांगितले पाहिजे. आपल्या सामाजिक चळवळीच्या वाटेवर उघड शत्रूंपेक्षा हे ‘होय, पण’वालेच जास्त भेटले आहेत. समता हवी, होय, पण हळूहळू. पाणवठा खुला हवा, होय. पण गावाची शांतता बिघडता कामा नये. हाच मापदंड आपण स्वतः रूझवेल्टना लावून पाहू.

बार्न्सव्हिलला ते खेड्यांत वीज नेणाऱ्या प्रकल्पाच्या उद्घाटनासाठी आले होते. व्यासपीठावर सिनेटर वॉल्टर जॉर्ज बसलेले. रूझवेल्टनी त्यांना मित्र म्हटले, सभ्य गृहस्थ आणि विद्वान म्हटले, आणि मग सर्वांसमक्ष सांगितले की आमची राजकीय भाषा एक नाही. उमेदवाराच्या परीक्षेसाठी त्यांनी दोन प्रश्न दिले: पक्षाच्या व्यापक उद्दिष्टांसाठी तो सतत लढत आला आहे काय? आणि त्या उद्दिष्टांवर त्याचा अंतःकरणापासून विश्वास आहे काय? जॉर्ज यांच्याबाबत दोन्ही प्रश्नांना ‘होय’ म्हणता येत नाही, असा निर्णय देऊन ते म्हणाले की मला या राज्यात मत देता आले असते तर मी ते निःसंशय लॉरेन्स कँप यांना दिले असते. जॉर्ज उठले, आव्हान स्वीकारतो म्हणाले, दोघांनी हस्तांदोलन केले. अमेरिकन इतिहासकार हा प्रसंग मोठ्या चवीने सांगतात.

मी मात्र त्या एका वाक्यापाशी थांबतो. मला या राज्यात मत देता आले असते तर! न्यूयॉर्कचा रहिवासी असलेला, देशातला सर्वांत सामर्थ्यवान गोरा पुरुष जॉर्जियात आपल्याला मत नाही याचा उल्लेख सहज करून जातो. त्या क्षणी जॉर्जियात दर तीन माणसांमागे एक काळा होता. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेला, तेथेच पुरलेला. त्याला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत नव्हते, कारण पक्षाचा नियमच होता की या निवडणुकीत फक्त गोरे मतदान करतील. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावालाच होता. प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक हा केवळ उपचार. म्हणजे ज्या एका दिवशी खरा निर्णय होई, त्याच दिवशी दाराला कुलूप. वर मतदान-कर होता, आणि गोऱ्यांमध्येही शहरातल्या मतापेक्षा खेड्यातल्या मताला अनेकपट वजन देणारी ‘काउंटी युनिट’ पद्धत होती. बार्न्सव्हिलच्या भाषणात दक्षिणेच्या दारिद्र्याबद्दल कळकळ आहे, विजेचे दर आहेत, वॉर्म स्प्रिंग्जच्या आपल्या घरी आलेल्या महागड्या वीजबिलाची हकीकतसुद्धा आहे. या कुलपाबद्दल एक अक्षर नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी हे शक्यच नव्हते. शक्याशक्यतेचा हा हिशेब रूझवेल्टनी स्वतःच मांडून ठेवला आहे, तो पाहू. काळ्यांच्या झुंडहत्या रोखणारा कायदा व्हावा म्हणून एन.ए.ए.सी.पी. ही संघटना वर्षानुवर्षे झगडत होती. तिचे चिटणीस वॉल्टर व्हाइट अध्यक्षांना भेटले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की मी या विधेयकाच्या बाजूने उभा राहिलो तर सिनेटच्या समित्यांवर बसलेले दक्षिणी सिनेटर माझी सगळी विधेयके अडवतील. म्हणजेच: होय, पण. १९३८ च्या आरंभी दक्षिणी सिनेटरांनी आठवडेच्या आठवडे भाषणे करून ते विधेयक दमवले आणि फेब्रुवारीत ते बाजूला ठेवावे लागले. अध्यक्षांनी त्यासाठी आपले वजन खर्च केले नाही.

आणि अवघ्या सहा महिन्यांनी हेच अध्यक्ष त्याच दक्षिणी सिनेटरांच्या राज्यांत जाऊन त्यांच्याविरुद्ध उघड उभे राहतात! यांना दुखवता येत नाही, हे कारण आता कोठे गेले? सर्वोच्च न्यायालयाच्या फेररचनेचे विधेयक त्यांनी हाणून पाडले म्हणून त्यांना दुखवता आले. झाडाला लटकणाऱ्या प्रेतांसाठी दुखवता आले नाही. ही मोहीम फसली यात मला फारसे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की एवढी जोखीम पत्करणाऱ्या माणसाला, ज्यांची मते हमखास मिळाली असती असे लाखो लोक दाराबाहेर उभे आहेत, हे दिसले नाही. तो गोऱ्यांनाच विनवत राहिला की तुम्ही तुमच्यातला जरा बरा गोरा निवडा.

हा ‘जरा बरा गोरा’ कसा असतो, ते शेजारच्या साउथ कॅरोलायनात पाहावे. तेथे सिनेटर एलिसन स्मिथ, लोक त्यांना ‘कॉटन एड’ म्हणत, पुन्हा उभे होते. १९३६ च्या पक्ष-अधिवेशनात एका काळ्या धर्मोपदेशकाने प्रार्थना सुरू करताच हे सभागृह सोडून गेले होते, आणि ही मर्दुमकी ते पुढे प्रत्येक सभेत सांगत. त्यांच्याविरुद्ध रूझवेल्टनी गव्हर्नर ऑलिन जॉन्स्टन यांना जवळ केले. जॉन्स्टन तरुणपणी कापडगिरणीत कामाला होते, मजुरांची बाजू घेणारे, नव्या धोरणाचे पुरस्कर्ते. १९३८ मध्ये ते हरले. पुढे १९४४ च्या एप्रिलमध्ये ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांपुरत्या प्रायमऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. तेव्हा साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर पुन्हा हेच जॉन्स्टन होते. निकाल लागताच त्यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि प्रायमरीविषयीचे सगळे कायदे काही दिवसांत रद्द करून घेतले. हेतू हा की पक्ष ही खासगी मंडळी ठरावी आणि काळ्यांना बाहेर ठेवण्याचा तिचा हक्क शाबूत राहावा. त्याच वर्षी त्यांनी कॉटन एडचा पराभवही केला. अध्यक्षांनी ज्यांच्यावर हात ठेवला होता तो पुरोगामी उमेदवार हा असा. मजुरीच्या प्रश्नावर खरोखर पुरोगामी, आणि दाराच्या प्रश्नावर कॉटन एडचाच भाऊ.

‘खासगी’ या शब्दाशी आपला परिचय जुना आहे. १९३५ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने आधी असेच म्हटले होते की पक्ष ही स्वेच्छेने बनलेली संस्था आहे, तिने कोणाला घ्यावे हा तिचा प्रश्न. महाडच्या चवदार तळ्याचा खटला त्याच काळात आपल्याकडे चालू होता, आणि स्पृश्यांचा दावा नेमका हाच होता की तळे खासगी आहे. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अमेरिकेच्या न्यायालयाला आपली चूक दुरुस्त करायला आणखी सात वर्षे लागली. रूझवेल्टचे दक्षिणी विरोधक ‘बाहेरच्याने आमच्या घरात नाक खुपसू नये’ असे ओरडत होते, त्या ओरडण्यातले ‘घर’ हे असे होते. अध्यक्षाने प्रायमरीपासून दूर राहावे, हा संकेत ज्यांना पवित्र वाटतो त्यांनी हे घर एकदा आतून पाहावे.

प्रायमरी ही गोष्ट आपल्याला अगदी परकी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९३२ च्या पुणे करारात ती होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी स्वतंत्रपणे चार उमेदवारांची यादी निवडायची, आणि मग त्या चौघांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडायचे. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत बहुसंख्याकांनी पहिली फेरी स्वतःकडे ठेवली. आपल्याकडे पहिली फेरी आम्हाला दिली आणि शेवटची स्वतःकडे ठेवली. परिणामात फार फरक नाही. आमच्या मतदारांनी पहिला म्हणून निवडलेला शेवटच्या फेरीत पडू शकतो आणि चौथा निवडून येऊ शकतो, कारण तेथे कौल दुसऱ्यांचा असतो. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात काँग्रेसवर जी झोड उठवली आहे तिचे मर्म येथे आहे. कोण उभे राहणार आणि त्यातून कोणाला उचलायचे, हे दोन्ही निर्णय ज्याच्या हातात त्याचेच प्रतिनिधित्व. माझ्या वडिलांनी एकही मतदान चुकवलेले नाही. मतदानाच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून सकाळीच रांगेत असतात. आपल्या राखीव मतदारसंघात कोणाला उभे करावे, हे त्यांना आजवर कोणीही विचारलेले नाही. घरातला मी पहिला पदवीधर, विद्यार्थ्यांना प्रातिनिधिक लोकशाहीचे सिद्धान्त शिकवतो. मलाही कोणी विचारलेले नाही.

मोहिमेचा शेवट थोडक्यात सांगतो. जॉर्ज निवडून आले; अध्यक्षांचे कँप तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले, आणि दुसरे आले ते वर्णद्वेषाचे उघड व्यापारी युजीन टालमेज. मेरीलँडमध्ये सिनेटर टायडिंग्ज टिकले. पडले ते न्यूयॉर्कचे जॉन ओकॉनर, एवढेच यश. तेव्हापासून अमेरिकन राजकारणात एक धडा रूढ झाला की अध्यक्षाने प्रायमरीत पडू नये, हात पोळतात. माझ्या मते हा धडा चुकीचा काढला गेला. बंद दाराच्या आतल्यांना विनंती करून बाहेरच्यांचे राजकारण करता येत नाही, हे १९३८ ने दाखवले.

दार कोणी उघडले? वॉर्म स्प्रिंग्जपासून जवळच असलेल्या कोलंबस शहरात ४ जुलै १९४४ रोजी प्रायमस किंग नावाचा काळा माणूस, व्यवसायाने न्हावी आणि धर्मोपदेशकही, प्रायमरीची मतपत्रिका मागायला गेला. पोलिसाने त्याला बाहेर काढले. त्याच्या पाठीशी कोणा अध्यक्षाचा शब्द नव्हता. तो न्यायालयात गेला आणि जिंकला. १९४६ पर्यंत जॉर्जियात लाखाहून अधिक काळे मतदार नोंदले गेले. (त्याच वर्षी टालमेज लोकांच्या मतांत मागे असूनही काउंटी युनिटच्या जोरावर गव्हर्नरपदाची प्रायमरी जिंकले. एक दार उघडले की आत दुसरे असते.) साउथ कॅरोलायनाची पळवाट १९४७ मध्ये न्यायाधीश वेटीज वेरिंग यांनी बंद केली, ते चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातले गोरे होते आणि या निकालांची शिक्षा म्हणून त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

अध्यक्ष काळा झाला म्हणून हे गणित आपोआप बदलत नाही, हेही पाहून ठेवावे. २०१० मध्ये बराक ओबामा यांनी पेनसिल्व्हेनियात, वर्षभरापूर्वीच रिपब्लिकन पक्षातून आलेले सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांना पाठिंबा दिला. मतदारांनी तो मानला नाही. २०१६ मध्ये मात्र ते शेवटपर्यंत गप्प राहिले आणि क्लिंटन यांची उमेदवारी नक्की झाल्यावरच जूनमध्ये बोलले. दोन्ही वेळा हिशेब पदावर असलेल्यांचा आणि पक्षयंत्रणेचा होता.

आणि जॉर्जिया? बार्न्सव्हिलनंतर ऐंशी वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनी तेथील गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी ब्रायन केंप यांच्या पारड्यात वजन टाकले. या वेळी अध्यक्षाचा शब्द वाया गेला नाही, केंप मोठ्या फरकाने जिंकले. हे केंप तेव्हा राज्याचे सचिव होते, म्हणजे मतदारयाद्या आणि निवडणुका यांचा कारभार त्यांच्याच खात्याकडे होता. काळ्यांची नोंदणी अडकवून ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर होत होता. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर स्टेसी अब्राम्स ही काळी स्त्री उभी होती, आणि थोडक्यात हरली. रूझवेल्टनी कुलपाकडे पाहिले नाही. येथे तर किल्लीवाल्यालाच आशीर्वाद मिळाला. शिष्टाचाराच्या पुस्तकात या दोन प्रसंगांची एकाच प्रकरणात नोंद होईल: अध्यक्षाचा प्रायमरीतील हस्तक्षेप. या शास्त्राची एवढीच दृष्टी आहे.

याच्या उलट उदाहरण साउथ कॅरोलायनाने दिले, पण ते अध्यक्षाचे नाही. २६ फेब्रुवारी २०२० रोजी तेथील काळे काँग्रेस-सदस्य जेम्स क्लायबर्न यांनी जो बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. बायडन तोवर आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेव्हाडा असे सगळीकडे मागे पडले होते. कॉटन एडच्या राज्यात आता डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या मतदारांत निम्म्याहून अधिक काळे होते. त्यांनी तीन दिवसांनी बायडनना उचलून धरले आणि सगळी स्पर्धा फिरली. क्लायबर्न यांनी बदल्यात सर्वोच्च न्यायालयावर काळ्या स्त्रीची नेमणूक करण्याचे वचन मागून घेतले होते. २०२२ मध्ये ते पाळले गेले. हा आतल्या माणसांनी केलेला उघड सौदा आहे आणि मला तो १९३८ च्या सगळ्या उदात्त भाषणांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

पुढे बायडन यांच्या आग्रहाने पक्षाने २०२४ च्या आपल्या प्रायमऱ्यांच्या क्रमात साउथ कॅरोलायनाला पहिले स्थान दिले. काळ्या मतदाराला रांगेत सर्वांत पुढे उभे केले गेले. पण त्या वर्षी सत्तारूढ अध्यक्ष स्वतःच उमेदवार होते, समोर नावापुरते प्रतिस्पर्धी, आणि ३ फेब्रुवारीला त्यांना शंभरातली शहाण्णव मते मिळाली. २१ जुलैला ते स्पर्धेतून निघाले आणि त्याच दिवशी त्यांनी कमला हॅरिस यांचे नाव पुढे केले. प्रतिनिधींनी ते मान्य केले. पुन्हा मतपेटी उघडायला वेळच नव्हता. एका काळ्या स्त्रीला अध्यक्षाचा शब्द मिळाला, पण त्या मतदारांना तिला निवडण्याची किंवा नाकारण्याची प्रायमरी मिळाली नाही.